अर्ध्या ग्रॅमचे क्षपण

‘क्षपण’ हा शब्द संस्कृत जाणणाऱ्या कोणालाही विचारावा. क्षय, नाश, घट असेच अर्थ तो सांगेल. रसायनशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकात मात्र याच शब्दाची व्याख्या अशी असते की, एखाद्या पदार्थाला हायड्रोजन मिळाला किंवा त्याच्यातला ऑक्सिजन निघून गेला, म्हणजे त्याचे क्षपण झाले. ऑक्सिजन निघून जाण्याला घट म्हणणे समजू शकते. पण हायड्रोजनची भर पडून वजन वाढले, तरी त्याला घटच म्हणायचे, हा काय प्रकार आहे, असा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याला पडला तर त्यात नवल नाही.

मला तो प्रश्न जरा जास्तच पडतो. कारण मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले आणि आता मराठी घेऊन एम. ए. करीत आहे. साहजिकच वर्गातले मित्रमैत्रिणी आणि क्वचित प्राध्यापकही विचारतात, ‘तुम्ही तिकडे त्या नळ्यांमध्ये नेमके करता तरी काय?’ याला मोघम उत्तर देण्यात अर्थ नाही. एखादा साधा प्रयोग आरंभापासून शेवटपर्यंत सांगावा, म्हणजे ऐकणाऱ्याला बरेच काही कळते, असा माझा अनुभव आहे. म्हणून तिसऱ्या वर्षाला असताना मी केलेले एक क्षपण येथे सांगते. प्रयोग अर्ध्या ग्रॅमचा आणि तासाभराचा आहे. पण तो संपल्यावर जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ रसायनशास्त्राचा नाही.

शब्दाची गोष्ट

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. इंग्रजीतला ‘रिडक्शन’ हा शब्द लॅटिनमधून आला आहे आणि तेथे त्याचा मूळ अर्थ ‘परत नेणे’, ‘माघारी आणणे’ असा आहे. खनिज कोळशाबरोबर भट्टीत तापवले की त्यातून धातू मिळतो. जुन्या किमयागारांच्या आणि धातुकारांच्या दृष्टीने गंजलेल्या, भस्म झालेल्या धातूला त्याच्या मूळ रूपात माघारी आणण्याची ही क्रिया होती. म्हणून ते ‘रिडक्शन’. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस लव्हाझिये या फ्रेंच शास्त्रज्ञाने तराजू हाती घेऊन दाखवले की, धातूचे भस्म होताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो आणि भस्माचा पुन्हा धातू होताना तो निघून जातो. म्हणजे माघारी येताना वजन खरोखरीच घटते. हायड्रोजन मिळणे आणि त्याही पुढे जाऊन इलेक्ट्रॉन मिळणे, हे अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटले.

आपल्याकडे पारिभाषिक शब्द घडवताना ‘रिडक्शन’चा रूढ अर्थ, म्हणजे ‘कमी होणे’, तेवढा घेतला गेला. ‘माघारी आणणे’ हा अर्थ वाटेतच गळाला. त्यामुळे ‘क्षपण’ हा शब्द वजन वाढणाऱ्या क्रियेलाही घट म्हणत राहिला. जो पदार्थ दुसऱ्याचे क्षपण करतो, त्याला पाठ्यपुस्तकात ‘क्षपणक’ म्हणतात. संस्कृत नाटके वाचणाऱ्यांना येथे हसू येईल. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त जीवसिद्धी नावाचा क्षपणक आहे. वरून जैन साधू आणि आतून चाणक्याचा हेर! आमचा क्षपणकही दिसायला असाच साधा असतो. पांढरी भुकटी, वास नाही, रंग नाही. आणि करणी मात्र मोठी.

पदार्थ कोणते

मी जो पदार्थ घेतला त्याचे नाव बेंझिल. लिंबासारखा पिवळाधमक, स्फटिकरूप. त्याच्या रेणूची रचना डोळ्यांसमोर आणायची असेल, तर मधोमध हातात हात घातलेले दोन कार्बन अणू कल्पावेत. प्रत्येकाच्या पाठीशी सहा कार्बनांचे एकेक कडे आणि प्रत्येकाने ऑक्सिजनचा एकेक अणू दोन्ही हातांनी धरलेला. या दुहेरी पकडीला रसायनशास्त्रात दुहेरी बंध म्हणतात. अशा दोन जोड्या शेजारी शेजारी असल्यामुळे प्रकाशातला जांभळा-निळा भाग हा पदार्थ गिळून टाकतो आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. रंगाचे हे कारण लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज लागणार आहे.

बेंझिल कशापासून करतात? बेंझॉइन नावाच्या पांढऱ्या पदार्थापासून. या नावातही एक लांबचा प्रवास दडलेला आहे. आपण ज्याला लोबान किंवा ऊद म्हणतो, त्याला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावा बेटाकडचा धूप, म्हणत. युरोपातल्या लोकांच्या तोंडी त्याचे रूप पालटत पालटत ‘बेंझॉइन’ झाले. ऊद हा झाडाचा डिंक आणि प्रयोगशाळेतले बेंझॉइन ही वेगळी वस्तू. पण नावाचे घराणे एकच. बेंझीन हा शब्दही त्याच घराण्यातला. या बेंझॉइनमधला हायड्रोजन काढून घेतला की बेंझिल मिळते. आमच्या प्रयोगात उलटी वाट धरायची होती. बेंझिलला हायड्रोजन द्यायचा. एका ऑक्सिजनपाशी दिला तर आपण बेंझॉइनपर्यंत माघारी येतो. दोन्हींपाशी दिला तर बेंझॉइन मागे टाकून आणखी पुढे, हायड्रोबेंझॉइनपर्यंत पोचतो. मला हायड्रोबेंझॉइन हवे होते.

हायड्रोजन देणारा आमचा क्षपणक होता सोडियम बोरोहायड्राइड. त्याच्या शोधाची हकीकत सांगण्याजोगी आहे. हर्बर्ट ब्राऊन नावाचा एक गरीब विद्यार्थी शिकागोत रसायनशास्त्र शिकत होता. १९३६ मध्ये पदवी मिळाली तेव्हा त्याच्या मैत्रिणीने, पुढे तीच त्याची पत्नी झाली, त्याला बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या हायड्राइडांवरचे एक पुस्तक भेट दिले. ते मंदीचे दिवस होते. हेच पुस्तक निवडण्याचे कारण एवढेच की, दुकानातल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ते सर्वांत स्वस्त होते. ते वाचून ब्राऊन बोरॉनच्या मागे लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात श्लेसिंगर या आपल्या प्राध्यापकांबरोबर काम करताना युरेनियमची सहज वायुरूप होणारी संयुगे शोधण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली आणि त्या ओघात सोडियम बोरोहायड्राइड हाती लागले. ते शुद्ध करण्यासाठी योग्य द्रव कोणता, हे पाहताना त्यांनी ॲसिटोन वापरून बघितले. भुकटी विरघळली खरी, पण द्रव चांगलाच तापला आणि भुकटी काही परत मिळेना. तपासणी केली तेव्हा ॲसिटोनचे अल्कोहोल झालेले आढळले. शुद्धीकरणासाठी तो द्रव निरुपयोगी ठरला. पण एक नवा क्षपणक जगाला मिळाला. युद्धकाळातले हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७९ मध्ये ब्राऊन यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

या क्षपणकाचा मोठा गुण म्हणजे त्याचा संयम. त्याचाच एक थोरला भाऊ आहे, लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड. तो इतका तापट की, पाणी किंवा अल्कोहोल दिसताच भडकतो. त्याच्याबरोबर काम करताना सगळे साहित्य कोरडे ठणठणीत लागते. बोरोहायड्राइड मात्र अल्कोहोलमध्ये बराच वेळ तग धरते. बेंझिलच्या रेणूतली ती सहा कार्बनांची कडी त्याच्यासमोर असतात, पण त्यांना ते हात लावत नाही. कार्बन-ऑक्सिजनची दुहेरी पकड तेवढी शोधते आणि तेथेच काम करते.

प्रत्यक्ष कृती

आता कृती. ५० मिलिलिटरच्या शंकुपात्रात अर्धा ग्रॅम बेंझिल घेतले आणि त्यावर ५ मिलिलिटर स्पिरिट ओतले. हे स्पिरिट प्रयोगशाळेतले मामा मोजूनच देत आणि वहीत नोंद करीत. अल्कोहोलचा हिशेब ठेवावा लागतो. पात्र कोमट पाण्यात धरून बेंझिल विरघळवले आणि मग नळाखाली थंड केले. असे केल्याने बेंझिल अगदी बारीक कणांच्या रूपात खाली येते आणि पुढची क्रिया लवकर होते. मोठे खडे असते तर ते सावकाश विरघळत बसले असते.

मग ०.१ ग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड कागदावर तोलून थोडे थोडे करून पात्रात टाकले. हे करताना हातमोजे हवेत आणि आसपास बर्नर पेटलेला नको. कारण या भुकटीतून थोडा थोडा हायड्रोजन वायू सुटत असतो आणि पात्रात तर स्पिरिट आहे. हलवत राहिले तशी पात्राची काच हाताला गरम लागू लागली. बारीक बुडबुडे दिसू लागले. पिवळे कण विरघळत गेले आणि पाहता पाहता, दोनतीन मिनिटांत, द्रवाचा पिवळा रंग फिका होत होत पार नाहीसा झाला. पाण्यासारखा स्वच्छ द्रव हातात राहिला.

या दोनतीन मिनिटांत आत काय घडते? ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनांचा लोभी आहे. दुहेरी पकडीतले इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे कार्बन बिचारा रिता राहतो. बोरोहायड्राइडमधला हायड्रोजन आपल्याबरोबर इलेक्ट्रॉनांची एक जोडी घेऊनच बाहेर पडतो आणि या रित्या कार्बनाला जाऊन मिळतो. दुहेरी पकडीतला एक हात सुटतो. ऑक्सिजनच्या मोकळ्या झालेल्या हाताला दुसरा हायड्रोजन अल्कोहोल किंवा पाणी पुरवते. म्हणजे प्रत्येक जोडीला दोन हायड्रोजन मिळतात, एक क्षपणकाकडून आणि एक द्रवाकडून. बेंझिलच्या रेणूत अशा दोन जोड्या आहेत, तेव्हा एकूण चार हायड्रोजन. बेंझिलचा रेणुभार २१०, हायड्रोबेंझॉइनचा २१४. क्षपण होऊन वजन वाढले ते असे!

हिशेबाचा आणखी एक भाग. बोरोहायड्राइडच्या एका रेणूत देण्याजोगे चार हायड्रोजन असतात. त्या मानाने ०.१ ग्रॅम भुकटी ही गरजेच्या दुपटीहून थोडी जास्तच होते. ती मुद्दाम जास्त घ्यायची, कारण काही भाग स्पिरिटशीच क्रिया करून वाया जातो.

दहा मिनिटे झाल्यावर ५ मिलिलिटर पाणी घातले आणि पात्र गरम पाण्यात ठेवून द्रव उकळीला आणला. उरलेल्या बोरोहायड्राइडचा त्यात निकाल लागतो. मग आणखी १० मिलिलिटरपर्यंत पाणी, तेही बेताबेताने. हायड्रोबेंझॉइन स्पिरिटमध्ये सहज विरघळते, पाण्यात फारसे नाही. पाणी वाढले की त्याला बाहेर पडावेच लागते. पात्र बाजूला ठेवून दिले. थंड होताना द्रवात अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे पातळ, चकचकीत पांढरे स्फटिक तरंगू लागले. पहिल्याने एकदोन, मग एकाएकी पुष्कळ. रसायनशास्त्र सोडले तरी हे दृश्य विसरता येत नाही.

स्फटिक गाळणकागदावर गाळून घेतले, थंड पाण्याने धुतले, वाळवले आणि तोलले. भरले ०.३६ ग्रॅम. सगळेच्या सगळे बेंझिल बदलून हाती आले असते तर ०.५१ ग्रॅम मिळायला हवे होते. म्हणजे उत्पादन शेकडा ७० च्या आसपास. बाकीचे कोठे गेले? काही गाळलेल्या द्रवात विरघळलेले राहिले, काही कागदाला आणि काचेला चिकटले.

‘कशावरून?’

यानंतर वितळबिंदू पाहायचा. केसासारख्या बारीक काचनळीचे एक टोक ज्योतीत धरून बंद करायचे, तीत स्फटिकांची पूड भरायची, ती नळी तापमापीला बांधायची आणि द्रव पॅराफिनमध्ये सावकाश तापवायची. शुद्ध पदार्थ एका ठरावीक तापमानाला झटकन वितळतो. भेसळ असेल तर तो आधीच आणि रेंगाळत वितळतो. माझे स्फटिक १३४ अंशांना घाम आल्यासारखे ओलसर दिसू लागले आणि १३६ ला पुरते वितळले. पुस्तकातला आकडा १३६ ते १३७ अंश सेल्सिअस. बेंझिल ९५ च्या आसपासच वितळते. तेव्हा हे बेंझिल नाही, एवढे नक्की झाले.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, ‘अगं, १३७ लिहून टाक. परीक्षक तेवढंच बघतात.’ तिचा सल्ला काही वावगा नव्हता. विज्ञान शाखेत तो वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. जुन्या जर्नलांमधून पुस्तकी आकडे नव्या जर्नलांत उतरत असतात. पण त्याच वेळी आमचे सर तेथे आले. त्यांनी नळी पाहिली, तापमापी पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘ठीक आहे. पण हे बेंझॉइन नाही कशावरून?’

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर माझ्याजवळच्या कोणत्याही पुराव्यात नव्हते. पिवळा रंग गेला, हे खरे. पण रंग येतो तो दुहेरी पकडीच्या दोन जोड्या शेजारी असल्यामुळे. त्यांतली एकच मोडली तरी रंग जाणार. अर्धवट क्षपण होऊन बनलेले बेंझॉइनही पांढरेच असते. स्फटिक सुंदर पडले, हेही खरे. पण बेंझॉइनचेही स्फटिक पडतात. आणि वितळबिंदू? बेंझॉइन १३४ ते १३८ च्या दरम्यान वितळते. हायड्रोबेंझॉइनचा १३६-१३७ हा आकडा त्याच्या पोटात बसतो! म्हणजे मी १३५ लिहिले असते काय किंवा १३७ लिहिले असते काय, वाटेवरचे गाव आणि मुक्कामाचे गाव यांतला फरक त्या आकड्याने कळणारच नव्हता. पुस्तकी आकडा लिहून मी फार तर परीक्षकाचे समाधान केले असते. पण पात्रात काय आहे, ते मलाही समजले नसते आणि त्यालाही नाही.

मग पुरावा कसा मिळवायचा? जे दोघांत वेगळे आहे, त्यालाच प्रश्न विचारायचा. बेंझॉइनमध्ये कार्बन-ऑक्सिजनची एक दुहेरी पकड शिल्लक आहे, हायड्रोबेंझॉइनमध्ये एकही नाही. ही पकड असली की पिवळा-नारिंगी साका देणारे एक द्रावण असते. त्याचे नाव लांबलचक आहे, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘डीएनपी’ म्हणतात. तीन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत बाटलीतले शुद्ध बेंझॉइन, दुसरीत माझे स्फटिक, तिसरीत नुसते स्पिरिट. तिन्हींत सारखेच डीएनपी घालून किंचित गरम केले. पहिलीत साका आला. दुसरी आणि तिसरी सारख्याच स्वच्छ राहिल्या.

पहिली नळी कशाला, असे कोणी विचारील. ती नसती तर माझ्या नळीत साका आला नाही, याचे दोन अर्थ झाले असते. एक तर बेंझॉइन नाही, किंवा द्रावणच बिघडलेले आहे. पहिल्या नळीने द्रावण ठीक असल्याची ग्वाही दिली. तिसरीने सांगितले की, काहीच नसते तेव्हा नळी अशी दिसते. नुसते ‘नाही’ म्हणायलाही दोन साक्षीदार लागतात.

दुसरी परीक्षा फेलिंगच्या निळ्या द्रावणाची. लघवीतली साखर तपासण्यासाठी पूर्वी ते वापरीत. बेंझॉइन त्याच्याबरोबर गरम केले की निळा रंग जाऊन तांबडा साका बसतो. कारण बेंझॉइन तांब्याचे क्षपण करते. ज्याचे स्वतःचे क्षपण अर्ध्यावर थांबले, तो येथे दुसऱ्याचा क्षपणक होतो. माझ्या स्फटिकांनी निळा रंग तसाच ठेवला. शेवटी काचपट्टीवरच्या सिलिकाच्या पातळ थरावर बेंझॉइन आणि माझा पदार्थ यांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून विद्रावक वर चढू दिला आणि पट्टी आयोडीनच्या वाफेत धरली. माझा ठिपका एकच आला आणि तो बेंझॉइनच्या बराच खाली होता. एक ठिपका म्हणजे ओळखू येण्याइतकी भेसळ नाही. आणि खालचा ठिपका म्हणजे पदार्थ वेगळा. मोठ्या प्रयोगशाळांत अवरक्त किरणांच्या यंत्राने हेच काम काही मिनिटांत होते. आमच्याकडे ते यंत्र नव्हते. तरी उत्तर मिळाले.

अर्ध्यावर थांबण्याचा अर्थ

इतकी चिकित्सा अर्ध्या ग्रॅमसाठी कशाला, असे कोणाला वाटेल. पण क्षपण पुरे झाले की अर्धे, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर आपल्या ताटातही येतो. वनस्पती तूप हे तेलाचे क्षपणच आहे. निकेलच्या साहाय्याने तेलाला हायड्रोजन दिला की ते घट्ट होते. निकेलची ही किमया दाखवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ साबात्ये यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तुपासारखे रवाळ रूप यावे म्हणून ही क्रिया मधेच थांबवीत. अशा अर्धवट क्षपणात तेलाच्या काही रेणूंचे दुहेरी बंध शाबूत राहतात, पण त्यांची ठेवण पालटते. त्यालाच ट्रान्स फॅट म्हणतात आणि हृदयाला ते घातक ठरते. वनस्पती दिसायला पांढरे, रवाळ, निर्दोष. दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता, म्हणून तो कळायला कित्येक दशके लागली. भारतात २०२२ पासून खाद्य तेले आणि स्निग्ध पदार्थ यांतल्या ट्रान्स फॅटवर शेकडा २ ची मर्यादा आहे.

आणि आपल्या देहात तर ही क्रिया क्षणोक्षणी चालू असते. जिवाच्या आकांताने धावताना स्नायूंना ऑक्सिजन पुरेनासा होतो, तेव्हा पायरुव्हिक अम्लातली कार्बन-ऑक्सिजनची दुहेरी पकड मोडून लॅक्टिक अम्ल तयार होते. तेथे एनएडीएच नावाचा रेणू बोरोहायड्राइडसारखाच इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह हायड्रोजन देऊन टाकतो. फरक इतकाच की, देहातले हे काम विकराच्या देखरेखीखाली, कोणताही गाजावाजा न होता पार पडते.

रसायनशास्त्र सोडून मी भाषेकडे आले तेव्हा वाटले होते, तो ‘कशावरून?’ तिकडेच राहिला. तसे झाले नाही. एखादी ओवी अमक्याच संताची कशावरून, एखादे पत्र त्याच सालातले कशावरून, हे प्रश्न आमच्या वर्गातही निघतात आणि उत्तराची रीतही फार वेगळी नसते. भाषा जुनी वाटते, शेवटी नाममुद्रा आहे, पोथीचा कागद पिवळा पडला आहे, हे सगळे पुरावे खरे असूनही दुसऱ्या एखाद्या शक्यतेला तितकेच लागू पडत असतील, तर त्यांतून काहीच सिद्ध होत नाही. ज्या ठिकाणी दोन शक्यता वेगळ्या होतात, तेथेच बोट ठेवावे लागते. आणि आपल्याला हवा तोच आकडा आधी लिहून टाकला, तर ते ठिकाण शोधण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

माझ्या जर्नलात त्या दिवशीची नोंद अशी आहे : उत्पादन ०.३६ ग्रॅम, शेकडा ७०. वितळबिंदू १३४ ते १३६ अंश. डीएनपी परीक्षा नकारार्थी, फेलिंग परीक्षा नकारार्थी, दोन्ही वेळी तुलनेला बेंझॉइन घेतले. निष्कर्ष : पदार्थ हायड्रोबेंझॉइन. सही करताना सरांनी १३४ च्या खाली पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि शेजारी ‘अजून एकदा स्फटिकीकरण करा’ एवढेच लिहिले. पुढच्या आठवड्यात ते केले. वजन ०.२९ ग्रॅमवर आले आणि वितळबिंदू १३६ ते १३७ वर. दोन्ही आकडे खालच्या ओळीत लिहिले. वरचे खोडले नाहीत.